आजीची वही रद्दीत देऊ नका

पालेगावातल्या आणि आसपासच्या सगळ्या घरांना कळकळीची विनंती आहे: घरातल्या बायकांनी लिहिलेलं, गायलेलं जपा. ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाचं काय झालं ते ऐका, म्हणजे ही विनंती का, ते कळेल.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळं पाणी झालं. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. तरीही पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते आपल्या हाती आलं. मधे ९३ वर्षं गेली. छापील पुस्तकाची ही गत, तर हाताने लिहिलेल्या वहीला कोण वाली?

आपल्याकडे जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहतात. सामान हलवताना ट्रंकेतल्या वह्या आधी रद्दीत जातात. गाण्यांचंही तेच. आगरी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते. ते तिच्या तोंडीच असतात. ती गेली की तेही गेले.

म्हणून एवढं करा. वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. मूळ वही सुती कापडात गुंडाळून ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. लिहिणारीचं नाव, माहेर, सासर आणि साल वेगळ्या कागदावर नोंदवा. ‘अमक्याची आई’ एवढ्यावर भागवू नका. धवलारणीला विचारून तिचे धवले रेकॉर्ड करा, अर्थही तिच्याकडूनच समजून घ्या. खाजगी पत्रं मात्र लिहिणारीच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवू नका.

आणि ताराबाईंचं पुस्तक घरी आणा. छोटंसंच आहे. मुलीला द्याल, तसंच मुलालाही वाचायला द्या.