रंगरूटाला घाबरवून काय साधलंत?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात अग्निवीर म्हणून निवड झालेल्या पोरांचा सत्कार झाला. फेटे, नारळ, आयांच्या डोळ्यांत पाणी. मी फौजेत सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट म्हणून काढली आहेत, म्हणून आयोजकांनी आठवडाभर आधी मला विचारलं होतं, पोरांशी आरोग्याबद्दल चार शब्द बोलाल का? मी म्हणालो, बोलतो. दारूबद्दल बोलेन, नशेबद्दल बोलेन, गुप्तरोगांबद्दल बोलेन आणि निरोध कसा वापरायचा तेही सांगेन. दोन दिवसांनी फोन आला, तेवढं सोडून बोला. मग मी बोललोच नाही, मागं जाऊन बसलो. आणि जे प्रमुख पाहुणे होते त्यांनी माझं नाव न घेता माझाच समाचार घेतला.

त्यांचं म्हणणं असं. आपली पोरं शेतकऱ्यांची, वारकऱ्यांच्या घरातली, संस्कारातली. त्यांच्यापुढं असले विषय काढले की नसत्या गोष्टी डोक्यात शिरतात. निरोध हातात देणं म्हणजे खुशाल जा म्हणणं. पहाटे चारला उठून दिवसभर घाम गाळणाऱ्याला वाकडं सुचायला सवडच नसते. आणि इतकं करूनही एखादा घसरलाच, तर त्याला अशी शिक्षा करा की पुन्हा कोणाची हिंमत होऊ नये. सगळ्यात मोठ्या टाळ्या या शेवटच्या वाक्याला पडल्या. माझा राग आहे तो त्याच वाक्यावर. बाकीच्यांचा निकाल आधी लावतो.

संस्कार मीही मानतो. पण साडेसतरा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा गाव सोडतं, पहिल्यांदा स्वतःचा पगार हातात घेतं, आई-बाप हजार-दीड हजार किलोमीटर लांब. तिथं नुसत्या संस्कारावर त्याला एकट्याला सोडून देणारे आपण कसले वडीलधारे? कसरतीनं दमलेला माणूस झोपतो हे खरं, पण आउटपास मिळतो तो सुट्टीच्या दिवशी. आणि नशा तिकडं गेल्यावरच लागते असंही नाही. ज्या मैदानावर आमची पोरं सोळाशे मीटर पळण्याची तयारी करतात, तिथल्या कठड्याखाली गायछापच्या रिकाम्या पुड्यांचा खच मी रोज सकाळी बघतो. पळण्याआधी दुखणं दाबायची गोळी घेणारी पोरंही मला ठाऊक आहेत. हे सगळं संस्कारातल्या घरांतलंच आहे.

निरोध देणं म्हणजे जा म्हणणं, या म्हणण्याचा खोटेपणा थायलंडच्या फौजेनं कधीच दाखवून दिला. तिथं एकवीस वर्षांच्या तरुणांना चिठ्ठी काढून सैन्यात घेतात. पेटीत हात घालायचा, लाल चिठ्ठी निघाली की भरती, काळी निघाली की घरी. १९८९ पासून या भरती झालेल्यांच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी सुरू झाली. चिठ्ठीनं निवडलेली पोरं म्हणजे सगळ्या देशातल्या तरुणांचा आरसाच. उत्तर थायलंडातल्या शिपायांत १९९१ मध्ये दहा टक्क्यांहून जास्त, तर १९९३ मध्ये सुमारे १२.५ टक्के पोरांना लागण झालेली निघाली. म्हणजे आठातल्या एकाला. त्या सरकारनं लाज बाजूला ठेवली आणि १९९१ पासून देशभर वेश्यागृहांत निरोध सक्तीचा केला, वाटला, जाहिराती केल्या. पाहुण्यांच्या हिशेबानं आता पोरांची झुंबड उडायला हवी होती. झालं उलटंच. वर्षभरात वेश्यागृहात जाऊन आलेल्या शिपायांचं प्रमाण १९९१ साली ५७ टक्के होतं, ते १९९५ साली २४ टक्क्यांवर आलं. जे गेले त्यांच्यातही निरोध वापरणारे ६१ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांच्या वर गेले, आणि लागण ६.७ टक्क्यांवर उतरली. उघड बोलल्यामुळं पोरं तिकडं कमी गेली. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आकड्यांशी भांडावं.

आता शिक्षेकडं येतो.

उत्तरेकडच्या एका ट्रेनिंग सेंटरात मी एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, होतो तेव्हाची गोष्ट. सकाळच्या सिक रिपोर्टला एक रंगरूट आला. बरोबर हवालदार. मी विचारलं, काय होतंय? पोरगं हवालदाराकडं बघून म्हणालं, कंबर दुखते. मी गोळी दिली, रजिस्टरात कंबरदुखी लिहिली. तीन दिवसांनी पुन्हा तोच पोरगा, पुन्हा तोच हवालदार दाराशी उभा, पुन्हा कंबर. चालताना पाय फाकवून टाकत होता. कंबरदुखीचा माणूस तसा चालत नाही. मी काही बोललो नाही. त्या रात्री नऊच्या पुढं मागच्या दारावर टकटक झाली. पोरगं आत आलं, दार लावलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणालं, सर, लघवीला आग होते, पू येतो. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, दहापैकी सहा गोळ्या संपलेल्या. बाहेरच्या केमिस्टकडून दोस्तानं आणून दिलेल्या, कसल्या ते त्यालाही माहीत नव्हतं. बारा दिवस तो हे अंगावर काढत होता, दौड करत होता, दोर चढत होता. मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? म्हणाला, उस्तादांना कळलं तर रिलिगेट करतील, मागच्या तुकडीत टाकतील, घरी पत्र जाईल.

आउटपासवर दोन मोठ्या पोरांनी त्याला आधी दारू पाजली आणि मग नेलं होतं. आयुष्यातली पहिली दारू आणि पहिली बाई एकाच दुपारी. निरोध कुणी दिला नाही, त्यानं मागितला नाही, मागायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं. दारू आणि हा धोका असे हातात हात घालूनच येतात. आपण मात्र दारूवर एका रविवारी बोलतो आणि दुसऱ्या गोष्टीवर कधीच बोलत नाही.

डॉक्टरांनी त्याला बरं केलं. पण बातमी फुटली. कशी फुटली ते मला माहीत आहे आणि आजही त्याची चीड येते. फॉलिनमध्ये, सगळ्यांच्या रांगेसमोर, त्याला पुढं उभं केलं, कारण मोठ्यानं सांगितलं, महिनाभर ज्या-ज्या कामाला माणूस लागेल त्याला तोच लावला. त्यानंतर आठ महिने तसली तक्रार घेऊन एकही पोरगं माझ्याकडं आलं नाही. वरिष्ठांनी रजिस्टर चाळलं आणि समाधानानं म्हणाले, बघा, धाक बसला, केसेस शून्यावर आल्या. त्याच सुमाराला सुट्टीवरून परतलेला एक जण मला एकट्याला गाठून हळूच विचारत होता, तिकडं बायकोलाही तसंच व्हायला लागलंय, तिला काय देऊ?

त्या शून्याचा हिशेब माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. रजिस्टरात जो आकडा पुसला गेला, तो एका खेड्यातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या बाईच्या अंगावर निघाला. तिनं काय गुन्हा केला होता? तिला तर कुणी सांगणारंही नव्हतं.

आजाराचा स्वभाव लक्षात घ्या. परमा (गोनोरिया) लवकर दाखवला तर थोडक्यात बरा होतो. अर्ध्या गोळ्या खाऊन दाबला तर जंतू निर्ढावतात, मग पुढच्या माणसालाही औषध लागू पडत नाही. उपदंशाची जखम आपोआप सुकते, पोरगं सुटलो म्हणून निश्चिंत होतं आणि रोग आत शिरत राहतो. एचआयव्हीचा धोका पत्करला गेला असेल तर लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली. म्हणजे पोरानं तीन दिवसांच्या आत कुणापुढं तरी तोंड उघडायला हवं, आणि पाहुण्यांची शिक्षा नेमकं त्या तीन दिवसांत त्याचं तोंड बंद ठेवते.

हा शहाणपणा माझा एकट्याचा नाही. अमेरिकेच्या सैन्यात गुप्तरोगानं आजारी पडलेल्या शिपायाचा त्या दिवसांचा पगार कापायचा कायदा होता. दोन महायुद्धांचा अनुभव घेऊन १९४४ साली, ऐन लढाईत, त्यांनी तो रद्द केला. पगार जाईल म्हणून शिपाई आजार लपवतात, मिळेल ते औषध घेऊन दाबतात, हे त्यांच्या डॉक्टरांनी ओरडून-ओरडून सांगितलं होतं.

आणि आपल्याकडं? इंग्रजांनी १८६४ मध्ये छावण्यांसाठी कायदा केला. पुण्यासारख्या लष्करी गावांत वेश्यांची नोंदणी, तपासणी, आणि रोग आढळला की बरी होईपर्यंत लॉक हॉस्पिटलात डांबून ठेवणं. शिपायाला मात्र कुणी हात लावायचा नाही. रोग बाईत असतो आणि शिपाई त्याला बळी पडतो, असा सगळा मामला. कायद्याची ही रचना १८८८ मध्ये मोडली, पण ती वृत्ती आमच्या सत्काराच्या मंडपापर्यंत जिवंत आहे. पाहुणेही दोनदा म्हणाले, तसल्या बायकांपासून सांभाळा. त्या बाईला हा रोग कुणी दिला, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसला नाही.

नशेच्या बाबतीत कडक धोरण चाललंच की, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याला मी त्याचं श्रेय देतो. १९८१ च्या मे महिन्यात निमिट्झ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर विमान कोसळून चौदा जण मेले. मेलेल्यांपैकी काहींच्या अंगात गांज्याचे अंश सापडले. त्यानंतर अमेरिकी फौजेत लघवीच्या सरसकट चाचण्या आणि हकालपट्टीचं धोरण आलं. फौजेच्या पाहणीत महिनाभरात बेकायदा नशा केलेल्यांचं प्रमाण १९८० साली २७.६ टक्के होतं, ते १९९८ साली २.७ टक्क्यांवर आलं. पण त्याच पाहणीत दारूचं बघा. जबर पिणारे २०.८ टक्के होते, ते १५.४ टक्क्यांवर येऊन रेंगाळले. जी नशा लघवीच्या बाटलीत पकडता येते ती घटली आणि जिच्यावर पलटणीत गाणी होतात ती त्यामानानं थोडीच हटली. चाचणी हवी, माझी ना नाही. दारूला मात्र चाचणीचा धाक पुरत नाही.

नशा करणारा मुळातच वाया गेलेला असतो, हेही खोटं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी शिपायांपैकी पाचातला एक हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेच्या पूर्ण आहारी गेला होता. घरी परतल्यावर वर्षभरात त्यांच्यातले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा त्या गर्तेत पडले. माणसं तीच, जागा बदलली, सोबत बदलली.

फौजेतल्या रमवरून माझा एकाशी वीस वर्षांपूर्वी वाद झाला होता, तो अजून मिटलेला नाही. ते म्हणायचे, रम ही परंपरा आहे, थंडीत माणूस तिच्यावर जगतो. मी म्हणायचो, दारूनं कातडीला ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता बाहेर पडते, बर्फात ती उलट धोक्याची. ते हसायचे. माझं आजही तेच मत आहे. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालच्याला कडक दारू विकत घेता येत नाही. त्याच वयाच्या पोराला सुट्टीवर आल्यावर भावकीतलेच म्हणतात, फौजी ना तू, मग घे की. ज्यानं नको म्हटलं त्याच्या पाठीशी उभा राहील असा एक तरी मोठा माणूस त्या घोळक्यात का नसावा?

मग करायचं काय? माझ्याकडं जादूची कांडी नाही. पण करून बघितलेलं एक उदाहरण आहे, तेही थायलंडचंच. उत्तरेकडच्या काही बराकींत शिपायांचे छोटे गट करून त्यांच्याशी पुन्हा-पुन्हा बोलले: दारू किती आणि कधी, दोस्त ओढत असतील तर नाही कसं म्हणायचं, निरोध कसा चढवायचा. त्या बराकींत गुप्तरोगांची नवी लागण इतरांच्या मानानं सात पटींनी कमी राहिली. त्याच छावणीतल्या शेजारच्या बराकींत, जिथं हे बोलणं झालं नव्हतं, तिथं फायदा पोचला नाही. म्हणजे एका हॉलमध्ये पाचशे पोरं बसवून भाषण ठोकल्यानं भागणार नाही. प्रत्येक बराकीत बसावं लागेल, दहा-बारा जणांत, त्यांच्या बोलीत. बोलणारा शक्यतो दोन-चार वर्षं पुढचा, ज्याचा शब्द ती पोरं मानतात असा.

आणि तीन साध्या गोष्टी. सिक रिपोर्टला आलेल्याशी बोलताना दार बंद, आत फक्त डॉक्टर किंवा नर्सिंग असिस्टंट. जो स्वतःहून येऊन सांगेल, त्याला त्या सांगण्यासाठी शिक्षा नाही. नशा विकणाऱ्याला आणि दुसऱ्याला पाजणाऱ्याला जरूर करा. आउटपासच्या दिवशी निरोधाचं खोकं अशा जागी ठेवा की उचलताना कुणाकडं मागावं लागणार नाही, कुठं सही करावी लागणार नाही.

आमच्या तालुक्यातली पुढची तुकडी निघेल तेव्हा मी आयोजकांकडं पुन्हा अर्धा तास मागणार आहे. मंडपात नको, शाळेच्या एका वर्गात, फक्त पोरं आणि मी. काही आयांनी मला आधीच येऊन सांगितलंय, भाऊ, तुम्ही सांगा, आम्हाला बोलता येत नाही. पाहुण्यांना यायचं असेल तर त्यांनी व्हरांड्यात थांबावं. पोरं बाहेर आली की त्यांना काय विचारायचं ते विचारावं.