मुंबई पाहिली की उरकली?

मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर मुंबई पाहून आले. पाहून कसली, उरकून आले! मानपाड्याहून निघालो आणि दोन दिवसांत अकरा ठिकाणं. फोटो काढला की चला पुढे.

बोरीबंदरच्या फाटकापाशी नातवाने विचारलं, "आजी, एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, असं का?" सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. इमारत 1888 ची, पण त्याआधीच, 16 एप्रिल 1853 ला, इथून पहिली गाडी सुटली ती आपल्या ठाण्याला! हे सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, नंतर सांग, गेटवे राहील." टॅक्सी सुटली. त्यानंतर नातवाने दिवसभर काही विचारलं नाही.

"मुलांना इतिहासाचा कंटाळा येतो" म्हणतात. साफ खोटं! आयुष्यभर वर्गात उभी राहिले आहे. मुलं कंटाळत नाहीत, आपण त्यांना घाई करायला शिकवतो. मग मोठेपणी ती काहीच विचारत नाहीत, म्हणून आपणच कुरकुरतो.

माझं म्हणणं एवढंच, एका दिवशी एकच ठिकाण. बाकीची दहा राहिली तर राहू देत. पुढच्या रविवारी मी नातवाला घेऊन परत बोरीबंदरला जाणार आहे. लोकलने. फक्त आम्ही दोघं.