चुंबकाचे शेत

तुमच्या इंग्रजीच्या तासाला कोणी हसते का? आणि हसते ते कशाला? एखाद्या गमतीदार शब्दाला, की तो चुकीचा उच्चारणाऱ्या मुलाला?

मी पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात महाबळेश्वर भागातल्या मराठी शाळांतून आलेली मुले बरीच असतात. अकरावीत सारे विज्ञान त्यांच्यापुढे एकदम इंग्रजीत येते. एकदा मी विचारले, "मॅग्नेटिक फील्ड म्हणजे काय?" घरी स्ट्रॉबेरीची शेती असलेला एक मुलगा उठून म्हणाला, "लोहचुंबकाचे शेत, सर!" वर्ग खो खो हसला. पोराचे कान लाल झाले.

मीही हसलो, पण लगेच म्हणालो, "ठीक! मग या शेतात पिकते काय, ते पाहू." चुंबकावर कागद ठेवला, वर लोखंडाचा कीस भुरभुरवला आणि कागदाला टिचकी मारली. कीस ओळींनी मांडला गेला, वाफ्यावर रोपे लावावीत तसा. तेवढ्यात तोच मुलगा म्हणाला, "पण सर, बांध कुठे आहे?" प्रश्न लाखमोलाचा! या शेताला बांध नसतो. चुंबकापासून दूर जावे तसा जोर कमी होतो, पण 'येथे संपले' अशी रेघ मारता येत नाही. शिवाय 'शेत' हा शब्द आला आहे 'क्षेत्र' या संस्कृत शब्दावरून, आणि मराठी पुस्तकात आपण 'चुंबकीय क्षेत्र'च म्हणतो. मग तो मुलगा चुकला कुठे? फॅरेडेने १८४५ मध्ये 'फील्ड' हा शब्द वापरला, तोही रोजच्या बोलण्यातलाच होता.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. अकरावीत मी 'डिटर्मिन'ऐवजी 'डिटरमाइन' वाचले. वर्ग हसला, सर हसले, आणि वर्षभर मी तोंड उघडले नाही. 'टॉर्क' म्हणजे काय, ही शंका वहीतच राहिली. (ती कधी फिटली ते विचारू नका!)

शास्त्रज्ञांनाही शब्दांची थट्टा वर्ज्य नाही. नेम अगदीच वाईट असलेल्या माणसाला इंग्रजीत म्हणतात, याला समोरचे धान्याचे कोठारही टिपता येणार नाही. कोठार म्हणजे 'बार्न'. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात दोन शास्त्रज्ञांनी अणुकेंद्राचे लक्ष्य मोजण्याच्या एककाला हेच नाव दिले. १ वर २८ शून्ये मांडून त्या संख्येने एका चौरस मीटरला भागा. आला एक बार्न. कणांच्या दृष्टीने हे कोठाराएवढे मोठे! ही गंमत ज्याला कळली, तो ना शब्द विसरेल, ना एकक.

शिक्षक बंधुभगिनींनो, तासाची सर्कस करा असे मी म्हणत नाही. समजावून सांगावा लागणारा विनोद तर नकोच. पण मूल चुकले की त्याच्या चुकीत काय दडले आहे ते आधी पाहा आणि मग त्याच्याबरोबर हसा. वेळ जातो, हे खरे. पोर्शन मागे राहतो, हेही खरे. तरी मी तो वेळ देतो.

परवा त्याच मुलाने विचारले, या वेळी इंग्रजीत, "सर, अर्थ्स फील्ड हॅव बांध?" व्याकरण राहू द्या. मी त्याला खिडकीतून दिसणारा दिवसाचा चंद्र दाखवला. सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब, आणि तरीही पृथ्वीच्याच गुरुत्वाकर्षणाच्या शेतात!