जर्नल तुम्ही लिहा

'टायटॅनिक' पिक्चर होस्टेलमधे सगळ्यांनी बघितलाय. पण त्या जहाजावरच्या स्टुअर्डेस व्हायोलेट जेसप किती जणांना माहीत आहेत? १९१२ ला टायटॅनिक बुडालं, १९१६ ला ब्रिटॅनिक. बाई दोन्हींतून वाचल्या आणि १९५० पर्यंत जहाजांवरच नोकरी केली. बिछाने घालायचे, ट्रे न्यायचे, बोट लागलेल्यांची सेवा करायची. प्रवासी जहाजांवर बायकांना बहुतेक अशीच कामं मिळायची. हे काम हलकं असं मी म्हणत नाही. पण बायकांनी एवढंच करायचं, हे कुणी ठरवलं?

व्हिक्टोरिया ड्रमंड यांनी ते मानलं नाही. १९२२ मधे 'अँकायसीझ' या प्रवासी जहाजावर त्या दहाव्या इंजिनिअर म्हणून लागल्या. १९२६ ला सेकंड इंजिनिअरची परीक्षा पास झाल्या. चीफच्या परीक्षेत मात्र ब्रिटनने त्यांना ३७ वेळा नापास केलं! ते सर्टिफिकेट मिळालं पनामाचं. १९४० मधे 'बोनिटा' या मालवाहू जहाजावर विमानातून बॉम्ब पडत होते, तेव्हा सहकाऱ्यांना बाहेर पाठवून त्या एकट्या इंजिनापाशी थांबल्या. जहाज वाचलं. इंजिनाला बाई-पुरुष कळत नाही, परीक्षकांना कळत होतं.

आपल्या वर्कशॉपमधे अजूनही ऐकू येतं, "तू जर्नल लिही, लेथ तो चालवेल." म्हणणारा काळजीनेच म्हणतो. पण काळजीने लावलेलं दारही बंदच असतं ना? तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नल तुम्ही लिहा. लेथचं आम्ही बघतो.