किरणोत्सारी औषधाची घटका आणि शासनाचे दप्तर

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांचे सेवेसी



ज्या शास्त्राच्या सेवेत माझ्या उमेदीचे आयुष्य गेले त्या अणुवैद्यकाविषयी, म्हणजे रुग्णालयांत ज्याला सर्रास न्यूक्लिअर मेडिसिन म्हणतात त्याविषयी, आपणांस जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, या विषयातील मोठी अडचण आता वैद्यकीय राहिलेली नसून ती बव्हंशी कारभाराची आहे, आणि कारभाराची अडचण ज्यांच्या सहीने दूर होऊ शकते त्यांच्याच दारी ती मांडणे इष्ट होय. पत्र खुले ठेवले आहे, कारण ज्या रुग्णांच्या नावाने अणू या शब्दाची भीती पुढे केली जाते त्यांनाही या विद्येचे खरे स्वरूप कळावे अशी माझी इच्छा आहे.

क्ष-किरणांचे चित्र देहाची रचना दाखविते, तर अणुवैद्यकाचे चित्र त्या रचनेत चाललेला जिवंत व्यवहार दाखविते. किरणोत्सारी अणू रासायनिक वर्तनात आपल्या स्थिर भावंडांसारखाच वागतो, त्यामुळे शरीर दोघांत भेद करीत नाही, आणि जेथे तो जाईल तेथून किरणांच्या रूपाने आपला ठावठिकाणा कळवीत राहतो, हे जॉर्ज द हेवेशी यांनी ओळखले, आणि त्या कार्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे 1943 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाडात नवे काम चालले असेल तेथे फॉस्फेटवर्गीय द्रव्य ओढले जाते, अवटू (थायरॉइड) ग्रंथीला आयोडीन हवे असते, मूत्रपिंड काही द्रव्ये गाळून बाहेर टाकते. त्या त्या द्रव्याला किरणोत्सारी अणू जोडून ते शिरेतून वा मुखावाटे दिले की, अवयव आपले काम कसे करीत आहे याची साक्ष तो अवयवच देऊ लागतो.

ही साक्ष घेण्याची तयारी पहाटेपासून सुरू होते. शिशाच्या जाड कवचात एक लहानशी काचनळी असते, तिच्यातील अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीवर मॉलिब्डेनम-99 हा अणू चिकटलेला असतो, आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-99एम सतत निपजत राहतो. तंत्रज्ञ एका बाजूस सलाइनची कुपी लावतो, दुसऱ्या बाजूस निर्वात कुपी टोचतो. सलाइन नळीतून ओढले जाते, टेक्नेशियम त्याच्यासोबत उतरते आणि मॉलिब्डेनम मागेच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पुन्हा भरलेली असते, म्हणूनच जगभरचे तंत्रज्ञ या पात्राला ममतेने ‘गाय’ म्हणतात. उतरलेल्या द्रवात मॉलिब्डेनमचा अंश चुकून आला नाही ना याची तपासणी होते, मात्रा मोजली जाते, वेळ मिनिटासह नोंदविली जाते, आणि शिशाच्या आवरणातील पिचकारी रुग्णाकडे जाते. मिनिटाची ती नोंद केवळ शिरस्ता म्हणून केलेली नसते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. सकाळी सात वाजता जे पूर्ण होते ते दुपारी एक वाजता निम्मे आणि सायंकाळी सात वाजता चौथाई उरते. त्याचे जनक मॉलिब्डेनम 66 तासांत निम्मे होते, म्हणून ते पात्रही सुमारे आठवडाभरच उपयोगी पडते.

एवढ्या अल्पायुषी औषधातून किती ज्ञान हाती येते हे एका उदाहरणाने सांगतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार घेतलेला एखादा वृद्ध पाठदुखीची तक्रार घेऊन येतो, त्याच्या कण्याचा एक्स-रे निर्दोष दिसतो, आणि दुखणे वयाचे म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण एक्स-रेमध्ये दोष उमटण्यापूर्वी त्या जागच्या हाडातील खनिजाचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा हिस्सा, नाहीसा व्हावा लागतो. त्याच माणसाला टेक्नेशियम जोडलेले द्रव्य टोचून, भरपूर पाणी पाजून, सुमारे तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली निजविले की कण्यातील दोन-तीन मणके काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. पुष्कळ वेळा ही सूचना एक्स-रेच्या कित्येक महिने अगोदर मिळते. त्या महिन्यांत किरणोपचार झाले तर कणा मोडण्याची आणि पाय लुळे पडण्याची आपत्ती टळू शकते. रोगी माणसाच्या हिशेबी याहून मोठा लाभ तो कोणता?

निदानाइतकेच उपचाराचे सामर्थ्य या शास्त्रात आहे, आणि त्याचे सर्वांत जुने व निर्मळ उदाहरण आयोडीनचे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. सॉल हर्ट्झ यांनी 1941 मध्ये अवटू ग्रंथीच्या अतिरेकी स्रावाने पीडित रुग्णास किरणोत्सारी आयोडीन दिले, आणि त्याच दशकात अवटूच्या कर्करोगावरही त्याचा प्रयोग झाला. आज त्यासाठी आयोडीन-131 वापरतात, ज्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. शस्त्रक्रियेनंतर मानेत उरलेल्या, किंवा फुप्फुसांत जाऊन रुजलेल्या, ज्या पेशींना आयोडीन ओढण्याची मूळची सवय शिल्लक असते त्या ते स्वतःहून आत घेतात. त्यातील बीटा किरण मांसात फार तर दोनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे पेशी जळते आणि शेजारची बहुतांशी वाचते. शस्त्र जेथे पोचू शकत नाही तेथे रोगाच्या स्वतःच्या भुकेवाटे औषध पोचविणे, ही कल्पना मला आजही वैद्यकातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

मात्र कर्करोगासाठी मात्रा मोठी द्यावी लागते, आणि तेव्हा रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते. अशा एका खोलीच्या दाराशी मी उभा असता मराठवाड्यातून आलेली एक तरुण बाई आतून विचारीत होती, ‘सिस्टर, माझं लेकरू खाली जिन्यापाशी बसलंय, भिंतीतून त्याला काही बाधा व्हायची नाही ना?’ परिचारिका दारातूनच म्हणाली, ‘नाही ताई, भिंत त्याचसाठी जाड बांधलीय. तुम्ही पाणी भरपूर प्या, शौचाला गेलात की दोनदा पाणी सोडा.’ अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, खोलीतील सांडपाणी वेगळ्या टाक्यांत थांबवून, निवल्यावरच सोडले जाते, घरी गेल्यावर लहान मुलाला काही दिवस कुशीत घ्यावयाचे नसते आणि काही महिने गर्भधारणा टाळावयाची असते, हे सारे तिला प्रवेशाच्या वेळीच सांगावयास हवे होते. तिच्या हाती मात्र चार पानांचा इंग्रजी कागद देऊन खाली अंगठा घेतला होता. ते रुग्णालय कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही; अंगठ्याखालचा मजकूर रुग्णाच्या भाषेत असावा एवढेही आम्ही साधू शकलो नाही याची मला आजही मनस्वी खंत वाटते.

या महाराष्ट्रात तर या विद्येचा पाया केव्हाच घातला गेला आहे. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर 1956 मध्ये अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली, भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण औषध केंद्र परळ येथे 1963 पासून रुग्णसेवा करीत आहे, आणि देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉनही, म्हणजे अल्पायुषी किरणोत्सारी अणू घडविणारे यंत्र, 2002 मध्ये त्याच केंद्रात आले. न्यूरोएंडोक्राइन जातीच्या अर्बुदांवर चालणारे ल्युटेशियम-177 तुर्भ्याच्या ध्रुव भट्टीत तयार होते. द्रव्य, ज्ञान आणि अनुभव ही तिन्ही आपल्या राज्याच्या वेशीच्या आत आहेत.

मग अडते कोठे? शासकीय रुग्णालयाची औषधखरेदी वार्षिक निविदा, दरकरार, भांडारातील साठा आणि शिल्लक रुजवात या क्रमाने चालते, आणि गोळ्या व सलाइन यांच्यासाठी तो क्रम योग्यच आहे. परंतु ज्या औषधाची संध्याकाळची शिल्लक सकाळपर्यंत चौथाई होते त्याला भांडार नसते. त्याची मागणी दर आठवड्यास ठरल्या वारी जावी लागते, आणि मंजुरीची फाईल दहा दिवस टेबलावर राहिली तर त्या दहा दिवसांत औषध उशिरा येते असे नव्हे, ते मुळी येतच नाही, आणि लाखो रुपयांचा कॅमेरा रिकामा उभा राहतो. 2009 च्या मे महिन्यात कॅनडातील चॉक रिव्हर येथील भट्टी गळतीमुळे बंद पडली, ती पुढल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत उघडली नाही, आणि मॉलिब्डेनमच्या टंचाईने अनेक देशांतील तपासण्या लांबणीवर पडल्या. तेथे भट्टी बंद पडली होती; आपल्याकडे भट्टी चालू असता केवळ सहीवाचून रुग्ण परत जावा हे मला असह्य वाटते.

म्हणून माझ्या विनंत्या थोड्या आणि नेमक्या आहेत. प्रत्येक महसुली विभागात किमान एका शासकीय रुग्णालयात गॅमा कॅमेरा, पात्रातून औषध उतरविण्याची प्रयोगशाळा आणि आयोडीन-उपचारासाठी दोन-चार विलगीकरण खाटा असाव्यात. जेथे या सोयी आहेत तेथे त्या पूर्ण वेळ चालाव्यात. सायक्लोट्रॉनचा आग्रह मी सर्वत्र धरीत नाही, कारण त्यात घडविल्या जाणाऱ्या फ्लोरीन-18 चे अर्धायुष्य जेमतेम 110 मिनिटांचे आणि यंत्राचा खर्च अफाट. उलट मॉलिब्डेनमचे पात्र आणि आयोडीनची मात्रा मुंबईहून गडचिरोलीच्या सीमेपर्यंत सुखरूप जाऊ शकतात, आणि ज्याला घरापासून शेकडो कोस दूर जाऊन महिनाभर मुंबईच्या पदपथावर मुक्काम करावा लागतो त्या रुग्णाच्या बाजूने हा फरक निर्णायक आहे. किरणोत्सारी औषधांना नेहमीच्या भांडार-नियमांतून वगळून, विभागप्रमुखाच्या सहीने कायम साप्ताहिक मागणी नोंदविण्याचा अधिकार आणि त्यापोटी आगाऊ तसलमात देणारा स्वतंत्र शासन निर्णय काढावा. या विभागांत वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व किरण-सुरक्षा अधिकारी यांची पदे कंत्राटी न ठेवता कायम करावीत. ज्या माणसाच्या मापनावर रुग्ण घरी जाणार की नाही हे ठरते, त्याला दर अकरा महिन्यांनी आपल्याच नोकरीची चिंता वाहावयास लावणे योग्य नव्हे. आणि संमतिपत्र व रुग्णसूचना सोप्या मराठीत, मोठ्या टंकात छापून, वाचता न येणाऱ्यास वाचून दाखविल्याची परिचारिकेची सही त्यावर घेण्याचा हुकूम व्हावा. या शेवटच्या कामाला कसलीही तरतूद लागत नाही. आपण मनावर घेतलेत तर ते याच महिन्यात होऊ शकेल, आणि मसुदा लिहून देण्यास मी व माझे जुने सहकारी केव्हाही हजर होऊ.



आपला नम्र,
अणुवैद्यक विभागातील एक निवृत्त सेवक