डेट गेलेला पुडा कोणाच्या गळ्यात?

सणांच्या तोंडावर ‘जागरूक ग्राहका’ला उपदेश करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. या आठवड्यातही ती नेमाने पाळली गेली. पाकिटावरची तारीख तपासा, बिल मागून घ्या, शंका आली तर तक्रार करा. सल्ला चुकीचा नाही. पण तो वाचून वाटतं की मुदत संपलेला माल दुकानाच्या फळीवर आपोआप उगवतो आणि तो हुडकून काढणं हे चष्मा घरी विसरलेल्या आजोबांचं काम आहे. कंपनी, वितरक, दुकानदार आणि निरीक्षक या चौघांनी फक्त बघायचं.

शेंगदाणा तेलाच्या डब्यावरच्या तारखेचा विषय या स्तंभात निघाला, तेव्हा अनेक वाचकांनी उलट विचारलं होतं की तारीख गेली म्हणजे वस्तू खराबच झाली का? नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, रंग, कुरकुरीतपणा यांची हमी असते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यानंतर खाऊच नका. बिस्किट मऊ पडेल, पनीर मात्र दवाखाना दाखवेल. ब्रिटनमध्ये हा फरक दुकानापर्यंत पोचला आहे. तिथे ‘यूज बाय’ उलटलेला माल विकणं गुन्हा आहे, ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला खाण्याजोगा माल मात्र विकता येतो. मॉरिसन्स या साखळीने २०२२ मध्ये आपल्या बहुतेक दुधावरून ‘यूज बाय’ काढून ‘बेस्ट बिफोर’ छापलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, वास घेऊन ठरवा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे, पण साहेबाने सांगितल्यावर त्याला धोरण म्हणतात.

भारताने उलटा रस्ता धरला. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ सक्तीचं केलं आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठरवलं. २०२२ च्या जुलैपासून त्यांची अंमलबजावणी झाली. म्हणजे पनीरलाही एक्स्पायरी आणि चिवड्यालाही एक्स्पायरी. ती उलटली की विक्री बंद, मग आत काहीही असो. नियम कडक आहे, हे मान्य. पण कडक नियमाचा खर्च कोणीतरी सोसतो, आणि तो कोण सोसतो हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. कोपऱ्यावरचं मेडिकल आणि त्याच्या शेजारचं किराणा दुकान, एवढं पुरे.

या दोन्ही दुकानांवर महाराष्ट्रात एकाच खात्याची नजर असते: अन्न व औषध प्रशासन. कायदाही दोघांना जवळपास तेच सांगतो. औषध नियम १९४५ मधला ६५ वा नियम म्हणतो की मुदत संपलेलं औषध विकायचं नाही आणि विक्रीच्या मालात ठेवायचंही नाही. कंपनीला परत पाठवण्यासाठी ठेवायचं असेल तर वेगळं बांधून, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून ठेवायचं. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या २७ व्या कलमात मुदत उलटल्यावर माल पुरवणारा वितरक आणि तो विकणारा दुकानदार, दोघेही जबाबदार धरले आहेत.

मग फरक कुठे पडतो? मेडिकलवाला महिन्या-दोन महिन्यांनी फळ्या चाळतो, मुदत संपत आलेल्या स्ट्रिप्स बाजूला काढतो, त्यांची यादी करतो आणि स्टॉकिस्टच्या माणसाच्या हाती देतो. पुढच्या बिलात ती रक्कम वळती होते. कधी उशिरा, कधी कापून, कधी भांडून, पण होते. औषधांच्या धंद्यात ‘एक्स्पायरी रिटर्न’ हा व्यवहाराचाच एक भाग आहे. मेडिकलवाले साधुसंत आहेत असं कोणी म्हणत नाही. पण जुनी स्ट्रिप गिऱ्हाइकाच्या माथी मारण्यापेक्षा ती परत करणं त्यांच्या फायद्याचं असतं, आणि बहुतेक माणसं फायद्याच्याच बाजूने प्रामाणिक राहतात.

आता शेजारी या. किराणावाल्याकडे मोठ्या कंपनीचा सेल्समन येतो, स्कीम सांगतो, एका पेटीच्या जागी तीन पेट्या उतरवून जातो. तीन महिन्यांनी दीड पेटी उरते. कंपनी मोठी असेल आणि माल तिच्याच वितरकाकडून घेतलेला असेल, तर काही परत जातं, त्यातही वितरक म्हणतो की कंपनी माझाच क्लेम अडकवून बसली आहे. माल घाऊक बाजारातून रोखीने आणला असेल तर परतीचा प्रश्नच नाही. स्थानिक ब्रँडची शेव, मसाले, खारी घेऊन येणारा टेम्पोवाला नवा माल देतो आणि जुन्याकडे पाहत नाही. मार्जिन एवढं तुटपुंजं की एक पुडा कचऱ्यात टाकला तर अनेक पुड्यांचा नफा गेला. अशा वेळी पुडा कचऱ्यात जात नाही. तो पुढच्या रांगेत येतो, त्यावर ‘ऑफर’ची चिठ्ठी लागते, किंवा तो मालकाला ओळखणाऱ्या, तारीख न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतो.

त्या गिऱ्हाइकाची ओळखही सांगितली पाहिजे. खात्यावर माल नेणारा, पाच-दहा रुपयांचं पाकीट घेणारा, कामावरून परतताना मुलांसाठी काहीतरी उचलणारा. जागरूक राहायला लागणारा वेळ आणि उधारी नसल्यामुळे येणारी ऐट, दोन्ही त्याच्याकडे नसतात.

दुसरा फरक बिलात दिसतो. घरात मेडिकलचं जुनं बिल सापडलं तर जरूर पाहा. औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळे रकाने ओळीने भरलेले असतात. त्याच दिवशीचं किराणा मालाचं बिल काढा, अगदी वातानुकूलित मॉलचं. नाव, नग, भाव, कर, आणि तुम्ही किती रुपये ‘वाचवले’ त्याची ठळक बेरीज. तारखेचा पत्ता नाही. त्यामुळे घरी आल्यावर पाकीट जुनं निघालं तर ते याच दुकानातून घेतलं हे सिद्ध करायला गिऱ्हाइकाकडे काहीच नसतं. बिल मागून घ्या असं सांगणाऱ्यांनी बिलात काय असावं याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं दिसत नाही.

याचं कारण तांत्रिक आहे, असं सांगितलं जातं, आणि ते अर्धं खरं आहे. पाकिटावरच्या नेहमीच्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये फक्त वस्तूची ओळख असते, तारीख नसते. काउंटरवरच्या यंत्राला आजचा पुडा आणि मागच्या वर्षीचा पुडा सारखाच दिसतो. पण चौकोनी कोडमध्ये बॅच आणि तारीख दोन्ही मावतात. आपल्याच देशात १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांच्या ब्रँडवर असा क्यूआर कोड सक्तीचा आहे आणि त्यात एक्स्पायरीही असते. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स या दुकानांनी मांसाच्या पाकिटांवर असे कोड वापरून मुदत संपलेलं पाकीट काउंटरवरच अडवण्याची सोय केली. म्हणजे तंत्र आहे. ते खोकल्याच्या औषधापर्यंत पोचलं आणि श्रीखंडाच्या डब्यापाशी थांबलं.

जाता जाता नेहमीचं रडगाणं. नियमात लिहिलं आहे की लेबलवरचा मजकूर स्पष्ट, ठळक, न पुसला जाणारा आणि खरेदीच्या नेहमीच्या परिस्थितीत सहज वाचता येईल असा हवा. प्रत्यक्षात तारीख पाकिटाच्या शिवणीवर, चंदेरी कागदावर करड्या ठिपक्यांनी, अर्धी सुरकुतीत गेलेली. पाकिटावरचा नट जितका हसरा, तितकी तारीख पुसट, असा या स्तंभाचा जुना सिद्धांत आहे. त्याला पुरावा नाही. पण त्याच्या विरुद्ध जाणारं पाकीट अजून एकाही वाचकाने पाठवलेलं नाही.

मिठाईवाल्यांची गोष्ट जरा वेगळी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटासमोर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख लावणं बंधनकारक आहे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शिकेत कलाकंद त्याच दिवशी संपवावा, तर बेसनाचे लाडू महिनाभर टिकतील अशी विभागणीही आहे. चांगली सोय. फक्त काही दुकानांत ती पाटी बर्फीपेक्षा जास्त टिकते.

मोठ्यांकडे तरी शिस्त असेल, या भ्रमाला मुंबईत तडा गेला. जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने झेप्टो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या धारावीतल्या गोदामाचा परवाना निलंबित केला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी आढळली, शीतगृहाचं तापमान नियमाप्रमाणे नव्हतं, आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नव्हता. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या पाकिटाची तारीख गिऱ्हाइकाने कुठे तपासायची, दारात? डिलिव्हरीचा पोरगा तोवर खाली उतरलेला असतो.

केंद्रीय प्राधिकरणाला हे कळत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याची ३० टक्के मुदत किंवा किमान ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. पुढच्याच महिन्यात कंपन्या आणि आयातदारांना मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाचा हिशेब दर तिमाहीला पोर्टलवर भरायला सांगितलं: किती माल गेला, नष्ट केला की लिलावात विकला, कोणी घेतला. जुन्या पुड्यांवर नवी तारीख ठोकणाऱ्या टोळ्यांची रसद तोडायची तर हा हिशेब लागणारच. दिशा बरोबर आहे. पण हिशेब कंपनीपर्यंत परत आलेल्या मालाचा होणार. जो पुडा दुकानदाराच्याच गळ्यात राहिला, तो कोणत्याही पोर्टलवर दिसणार नाही.

म्हणून जागरूकतेच्या पुढच्या मोहिमेत गिऱ्हाइकाला सुट्टी द्यावी. कंपनीने आणि वितरकाने मुदत संपलेला माल पूर्ण किमतीला परत घेण्याची सक्ती करावी, टेम्पोवाल्या स्थानिक ब्रँडसकट. आणि मोठ्या दुकानांच्या बिलात तारखेचा रकाना यावा. तोवर जुना पुडा हाती आला तर पाकीट फेकू नका, तारखेचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणखी एक विनंती. या आठवड्यात आपल्या किराणावाल्याला भांडणाच्या सुरात नव्हे, सहज विचारा: डेट गेलेला माल कोणती कंपनी परत घेते आणि कोणती घेत नाही? मिळालेलं उत्तर या स्तंभाकडे पाठवा.