प्रकाशाने उघडणारे औषध आधी तोंडासाठी हवे

रुग्णाचे तोंड किती उघडते ते मी त्याच्याच बोटांनी मोजतो. निरोगी माणसाच्या दातांमध्ये तीन बोटे उभी मावतात. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात दोन, कधी एकच. नागपुरात दंतवैद्यकी करताना ‘भाजी झोंबते, तोंड उघडत नाही’ म्हणत येणारी पंचविशीतली मुले मी सतत पाहतो. गालाच्या आत ताठ पट्टे तयार झालेले असतात आणि अशा काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र पानठेल्यावर पन्नीत घोटला जातो आणि तो आजही मिळतो. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत वर दिसतो, याचे मला नवल वाटत नाही.

म्हणूनच प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगाचे औषध नेमक्या जागी सोडण्याच्या संशोधनाकडे मी फार आशेने पाहतो. माझा आग्रह एवढाच आहे, की आपल्याकडे या औषधांच्या माणसांवरील चाचण्या तोंडाच्या कर्करोगापासून सुरू व्हाव्यात आणि विदर्भातला रुग्ण समोर ठेवून आखल्या जाव्यात.

केमोचे औषध रक्तातून सगळीकडे जाते. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना त्रास देते, डॉक्सोरुबिसिन हृदयाला. औषध निष्क्रिय रूपात किंवा स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद करून शरीरात पाठवायचे आणि गाठीवर ठराविक रंगाचा प्रकाश टाकूनच ते मोकळे करायचे, ही नव्या संशोधनामागची कल्पना. प्रकाशाने जागे होणारे औषध आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपचार आपल्याकडे फार जुना आहे. बावचीतले सोरालेन अंधारात जवळपास निष्क्रिय असते, अतिनील किरण पडले की ते पेशीच्या डीएनएला जखडते. त्याच कुळातले औषध वापरून येल विद्यापीठाचे रिचर्ड एडेलसन यांनी त्वचेच्या एका लिम्फोमावर उपचार केले. रुग्णाचे रक्त बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींवर किरण टाकायचे आणि ते परत शरीरात सोडायचे, अशी ती पद्धत. तिला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातही पाया घातला गेला आहे. आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव, रिंती बॅनर्जी, अरविंद रेंगन आणि खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रातले अभिजित डे यांच्या गटाने सोन्याचा मुलामा दिलेल्या लायपोसोमवरचे काम 2015 मध्ये प्रसिद्ध केले. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश पडला की हे कण तापतात. उंदरांमधल्या गाठी त्यांनी या उष्णतेने नष्ट केल्या. नंतर कण मोडून शरीराबाहेर जातात, हेही दाखवले. तिथे गाठ मारली ती उष्णतेने, पण याच पिशवीत औषध भरता येते. जपानने तर सप्टेंबर 2020 मध्ये डोके आणि मानेच्या प्रगत कर्करोगासाठी प्रतिपिंडाला रंगद्रव्य जोडलेले, 690 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने काम करणारे औषध सशर्त मान्य केले.

या उपचाराची खरी अडचण प्रकाशाचीच आहे. निळा प्रकाश शरीरात मिलिमीटरभर जाताजाताच संपतो. तांबडा आणि त्याच्या लगतचा अवरक्त प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर परिणामकारक राहतो. स्वादुपिंडापर्यंत पोहोचायचे तर सुईतून प्रकाशतंतू आत न्यावा लागेल. गाल, जीभ, हिरडी यांना त्याची गरज नाही. तिथली सुरुवातीची गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते आणि बहुधा काही मिलिमीटरच खोल असते. प्रकाशाला इतकी सोयीची जागा शरीरात थोडीच आहे.

पण जागा सोयीची असली तरी रुग्णाची सोय आपल्यालाच पाहावी लागेल. एक बोट मावणाऱ्या तोंडात मोठे लेसर उपकरण कसे घालणार? बारीक, वाकणारा तंतू आणि गालाला टेकणारी पातळ दिवी आधी बनवावी लागेल. दुसरे म्हणजे ऊन. फोटोफ्रिन हे प्रकाशाने सक्रिय होणारे जुने औषध घेतलेल्या रुग्णाला किमान तीस दिवस उन्हापासून दूर राहावे लागते. गडचिरोलीतल्या शेतमजुराला किंवा नागपुरातल्या बांधकामावरच्या माणसाला मे महिन्यात हे सांगून पाहा. महिनाभराची मजुरी गेली की तो उपचारच सोडतो. म्हणून आपल्याला असे औषध हवे, जे दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर जाईल आणि त्वचेवर पडलेल्या उन्हाने उघडणार नाही. ही अट प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी कागदावर आली पाहिजे, औषध तयार झाल्यावर नव्हे.

या उपचाराची मर्यादाही स्पष्ट सांगतो. गाठ जबड्याच्या हाडात शिरली किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली, की एकट्या प्रकाशाने भागणार नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि शेक लागणारच. आपल्याकडे बहुतेक रुग्ण नेमके याच अवस्थेत येतात, कारण सुरुवातीची गाठ दुखत नाही. त्यामुळे चाचणीसाठी लवकर सापडलेले रुग्ण हवे असतील, तर चाचणीच्या पैशातच गावोगावच्या तोंड तपासणीचा खर्च धरला पाहिजे.

शासकीय दंत महाविद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधले एम्स, एवढ्या संस्था एकट्या नागपुरात आहेत. विदर्भाबरोबर बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडचे रुग्णही इथेच येतात. राज्य सरकारने या संस्थांना आणि मुंबईच्या संशोधकांना एकत्र बसवावे, रुग्णाला मजुरीची भरपाई द्यावी आणि वरवरच्या, तीन-चार मिलिमीटर खोलीच्या गाठींपासून सुरुवात करावी. तोंड पूर्ण उघडत नाही एवढ्या कारणावरून कोणालाही चाचणीतून वगळू नये.